मेल्याचा दाखला वेळेवर



आमच्या चाळीतले तात्या मेले. आपल्या वस्तीत माणसं मरतात तसेच मेले. रात्री जेवून बसले, छातीत कळ आली, घामानं बनियन भिजलं. वागळे इस्टेटच्या एका शेडमध्ये पावडर कोटिंगचं काम, ठेकेदाराकडं अकरा वर्षं, आणि कामगार विम्याचं कार्ड नाही. गल्लीत रिक्षा शिरत नाही, म्हणून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी रस्त्यापर्यंत आणलं. पहिल्या सरकारी इस्पितळात सांगितलं, खाट नाही, पुढं जा. दुसरीकडं सांगितलं, हृदयाचा डॉक्टर सकाळी येतो, मुंबईला न्या. मुंबईला न्यायला गाडी, गाडीला पैसे, पैशाला शेजारी. शेजारी उठले, पैसे जमले, गाडी आली. चेकनाका ओलांडायच्या आत तात्या खलास.

आणि मृत्यूचा दाखला? तिसऱ्या दिवशी हातात! शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. तात्यांच्या पोराला आयुष्यात सरकारनं वेळेवर दिलेली ही पहिली वस्तू.

हे उगाच होत नाही. त्यामागं कायदा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत द्यायची, अर्जाची पोच द्यायची, नाकारली तर कारण लेखी द्यायचं. नाही दिलं तर पहिलं अपील, दुसरं अपील, वर आयोग, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याच्या खिशातून पाचशे ते पाच हजार रुपये दंड. कायदा वाईट आहे असं कोण म्हणतो? दाखल्यासाठी तहसीलच्या पायऱ्यांवर चपला झिजवणाऱ्या आपल्या पोरांना त्याचा उपयोग होतो. जातीचा दाखला अडवून धरणाऱ्या बाबूला थोडी तरी भीती असते. पण या कायद्यातली सेवा म्हणजे बहुतेक कागद. जन्माचा कागद, मृत्यूचा कागद, उताऱ्याचा, नाहरकतीचा. जन्म आणि मृत्यू यांच्यामध्ये जी काय भानगड असते, तिच्यात इस्पितळाची खाट लागते. रात्री दोन वाजता डॉक्टर लागतो. त्याची हमी कुणी घ्यायची?

महाराष्ट्रात आरोग्याच्या हक्काचा कायदा नाही. योजना आहेत, ढिगानं आहेत. ज्या फुल्यांनी आम्हाला हक्क मागायला शिकवलं त्यांचंच नाव एका विमा योजनेला दिलंय. पाच लाखांपर्यंतचे उपचार, पण योजनेच्या यादीतल्या आजाराला, यादीतल्या इस्पितळात, यादीतल्या कागदांवर. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या इस्पितळांत केसपेपर आणि तपासण्या फुकट झाल्या. चांगलं झालं. पण तो शासन निर्णय आहे. एका सहीनं आला, एका सहीनं जाईल. शिवाय महापालिकेची इस्पितळं त्याच्या बाहेर. आणि ठाण्यात गरीब माणूस जातो कुठं? महापालिकेच्याच इस्पितळात की!

त्या १५ ऑगस्टच्या दोनच दिवस आधी काय झालं होतं ते आठवा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ पेशंट दगावले. पाचशे खाटांचं महापालिकेचं रुग्णालय. सिव्हिल हॉस्पिटल नव्या इमारतीसाठी आपल्या वागळेकडच्या मेंटल हॉस्पिटलच्या आवारात हलवलेलं, म्हणून सगळा लोंढा कळव्याकडं. सांगण्यात आलं की बरेचसे पेशंट अत्यवस्थ होऊन शेवटच्या घटकेला आले. अरे, मग शेवटच्या घटकेपर्यंत ते होते कुठं? आमच्या तात्यांसारखे कुठल्या तरी दारातून दुसऱ्या दारात फिरत होते. तेव्हा मुख्यमंत्री ठाण्याचेच, किसननगरातून शाखाप्रमुख म्हणून वर आलेले. समिती नेमली गेली. दीड-दोन महिन्यांत ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत २४ मेले, त्यात बारा नवजात बाळं. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, पुन्हा चौकशी, पुन्हा समिती. अडवलेल्या दाखल्यासाठी बाबूला पाच हजारांचा दंड कायद्यात छापलेला आहे. अडवलेल्या खाटेसाठी काय छापलंय ते कुणी दाखवावं.

कुणी शहाणा म्हणेल, संविधानात आहे ना. आहे. कलम २१ मध्ये जगण्याचा हक्क आहे. १९९२ साली बंगालमध्ये हकीम शेख नावाचा माणूस रेल्वेतून पडला, डोक्याला मार. एका सरकारी दवाखान्यातून दुसऱ्यात, सगळीकडं खाट नाही, सोय नाही. शेवटी खाजगीत सतरा हजार रुपये भरून वाचला. त्याची संघटना, पश्चिम बंग खेत मजदूर समिती, सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ साली न्यायालयानं सांगितलं की तातडीच्या वेळी सरकारी इस्पितळानं उपचार नाकारणं म्हणजे कलम २१ चा भंग, आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही. पंचवीस हजार भरपाई दिली. ठाणे-कळवा-मुंब्र्याच्या मध्ये लोकलमधून पडणाऱ्या आपल्या पोरांसाठीच जणू लिहिलेला निकाल. पण निकाल इस्पितळाच्या दारातल्या वॉचमनला माहीत नसतो. दिल्लीला जाऊन चार वर्षं भांडायला हकीम शेखच्या पाठीशी संघटना होती. तात्यांकडं चाळीस मिनिटं होती. म्हणून कायदा हवा, खालच्या माणसाला खालच्या दारात वापरता येईल असा.

राजस्थाननं मार्च २०२३ मध्ये असा कायदा केला, देशात पहिला. तातडीच्या वेळी पैसे न मागता उपचार करायचे, एवढंच खरं म्हणजे म्हटलं होतं. तर खाजगी डॉक्टर रस्त्यावर! ओपीडी बंद, मोर्चे, दोन आठवड्यांचा संप. सरकार वाकलं, पन्नास खाटांच्या आतली खाजगी इस्पितळं बाहेर काढली, पुढं नियमच रखडले. आरक्षणाच्या विरोधात हेच पांढरे कोट रस्ते झाडत होते, बूट पॉलिश करत होते, तेव्हाच आम्ही ओळखलं होतं यांना. आपल्याकडं जन आरोग्य अभियानासारखे लोक वर्षानुवर्षं आरोग्य हक्काच्या कायद्याची मागणी करतायत. विधिमंडळाला वेळ नाही.

वेळ कशाला आहे? जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी एक विधेयक मंजूर केलं. नाव काय, तर जनसुरक्षा. वाटलं, चला, जनाची सुरक्षा म्हणजे दवाखाना असेल, घर असेल, नळाला पाणी असेल. आत बघितलं तर संघटना बेकायदा ठरवायचे अधिकार! बारा हजारांवर सूचना-हरकती आल्या, तरी पास. म्हणजे आम्ही खाट मागायला चार पोरं जमवून इस्पितळासमोर बसलो, तर त्या बसण्यासाठी कायदा तयार आहे. खाटेसाठी नाही. जन आमचा, सुरक्षा त्यांची.

घराचंही तेच. मे २०२५ मध्ये गृहनिर्माण धोरण आलं, घोषणा: माझे घर, माझा अधिकार. २०३० पर्यंत पस्तीस लाख घरं. अधिकार हा शब्द घोषणेत, कायद्यात नाही. धोरण हातात धरून कुठल्या कोर्टात उभं राहता येतं? १९७१ चा झोपडपट्टी कायदा आहे, १९९५ पासून एसआरए आहे, पण तिथं माणूस मोजतात तारखेनं. १ जानेवारी २००० च्या आधीचा फुकटातला, २०११ पर्यंतचा पैसे भरून, त्यानंतरचा चोर. गावातल्या सावकाराच्या आणि पाटलाच्या तावडीतून २०१२ साली निसटलेला माणूस आमचा नाही का? दुष्काळानं काय सरकारी तारीख बघून यायचं?

किसननगरचं बघा. क्लस्टर, क्लस्टर म्हणून किती वर्षं ढोल वाजतोय. २०१३ च्या एप्रिलमध्ये शिळफाट्याची लकी कंपाउंडमधली अनधिकृत इमारत पडली, ७४ माणसं चिरडली. २०१५ मध्ये नौपाड्यात कृष्णा निवास पडली, १२ गेली. त्या मढ्यांवर क्लस्टरची मागणी उभी राहिली, ती न्याय्यच होती. ठाण्याच्या क्लस्टरचं भूमिपूजन २०२० मध्ये एका मुख्यमंत्र्यांनी केलं, २०२३ मध्ये किसननगरात दुसऱ्यांनी. नारळाला तोटा नाही. आमचेही दोन-चार पुढारी दोन्ही मांडवांत निळे फेटे बांधून बसले होते, त्यांच्याबद्दल नंतर कधीतरी, सवडीनं.

आणि घर मिळालं तरी कसलं? गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास २०१८ मध्ये झाला. टॉवर टॉवरला चिकटलेले, खालच्या मजल्यांना ऊन नाही, वारा नाही, आणि घराघरात टीबी. झोपडी आडवी होती ती उभी केली, एवढाच विकास. म्हणून आम्ही म्हणतो, घराचा आणि दवाखान्याचा कायदा वेगळा करू नका. ज्या गल्लीत रिक्षा शिरत नाही तिथं हृदयविकाराचा पेशंट अर्धा तिथंच मरतो. पाण्याची लाइन गटारातून जाते तिथं कावीळ कायमची पाहुणी. पाण्याचं तर उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१४ मध्येच सांगितलंय की झोपडी बेकायदा असली तरी माणसाचं पाणी तोडता येत नाही. अजून आमच्या बाया टँकरमागं पळतात.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कामगाराच्या आजारपणाच्या विम्याची जुळवाजुळव झाली, त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा आला. म्हणजे आजारी पडल्यावर दयेची भीक नको, हक्काचं कार्ड हवं, ही गोष्ट जुनी आहे. वागळेचं कामगार हॉस्पिटल त्याच झाडाचं फळ. पण विम्यात घ्यायची पगाराची मर्यादा २०१७ साली एकवीस हजार केली, त्यानंतर डाळ-तांदूळ कुठं गेले ते घरात विचारा. आणि एकवीस हजारांच्या आतला ठेकेदारी माणूस? त्याचं नाव रजिस्टरवर चढलं तर ना. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात शिक्षण, औषधपाणी, घर आणि स्वस्त धान्य सरकारनं द्यावं अशी मागणी होती. आमच्या बापांनी ती छातीला लावून मोर्चे काढले. आज ती मागणी करायला आम्हाला लाज वाटते, कारण आम्ही ग्रीन रोडच्या आयटी पार्कमध्ये बसून कंपनीचा मेडिक्लेम काढलाय. मीही काढलाय, लपवत नाही. चाळीत राहणाऱ्या आईचं नाव त्यात घालायला गेलो तर हप्ता ऐकून परत आलो.

तर कायदा कसला हवा? मोठमोठी कलमं नंतर बघू. पहिलं कलम एकच: इस्पितळानं पेशंटला परत पाठवलं तर चिठ्ठी द्यायची. तारीख, वेळ, कारण, नाकारणाऱ्याचं नाव आणि सही. दाखला नाकारताना लेखी कारण देता ना? मग माणूस नाकारताना का नाही? ती चिठ्ठी हातात असली की कोर्ट, आयोग, वर्तमानपत्र, मोर्चा, सगळ्याला पाय फुटतात. आज तात्यांच्या पोराकडं पुराव्याला काही नाही. पहिल्या इस्पितळात ते गेले होते हेच कुठं नोंदलेलं नाही. दुसरं, दारात रेशनकार्ड आणि रहिवासाचा पुरावा विचारायचा नाही. नाक्यावरचा मजूर, पालातला पारधी, फुटपाथवरची म्हातारी यांना पुरावा म्हणजे त्यांचं अंग, तेवढं पुरे. तिसरं, महापालिका, राज्य सरकार, कामगार विमा, सगळ्यांना एकच नियम. आणि खाजगीवाले? सरकारी सवलतीची जमीन घेऊन काच लावलेत ना, मग तातडीचा पेशंट घ्यावाच लागेल.

हे आपोआप होणार नाही. म्हणून आम्ही एक वही केली आहे. गेल्या वर्षभरात ज्यांच्या घरच्या माणसाला कुठल्याही इस्पितळातून परत पाठवलं, त्यांनी दर रविवारी संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात यावं. केसपेपर, औषधाची बिलं, रिक्षाचं भाडं दिल्याची आठवण, जे असेल ते घेऊन या. कागद नसला तरी या, सांगा, आम्ही लिहून घेऊ, अंगठा घेऊ. झेरॉक्सचा खर्च आमचा. शंभर नोंदी झाल्या की वही घेऊन आमदारांच्या दारात बसायचं. चांगल्या अक्षराची पोरं-पोरी हवी आहेत.