क्लबचा सातबारा कुणाच्या नावावर?

फुटबॉलवेड्या माणसाचे एक ठरावीक चित्र आपल्या मनात असते. गळ्यात संघाच्या रंगाचा मफलर, ओठांवर संघाचे गाणे आणि प्रतिपक्षाच्या नावाने शिव्यांची लाखोली. स्कॉटलंडमध्ये हे सगळे आहेच. पण ग्लासगोमध्ये नोकरीनिमित्त काढलेल्या काही वर्षांत या माणसांचे दुसरे एक रूप मला दिसले, आणि त्याने मला अधिक चकित केले. तिथला पाठीराखा गोलविषयी जितक्या तावातावाने बोलतो, तितक्याच तावातावाने ताळेबंदाविषयी बोलतो. बँकेचे देणे किती, उत्पन्नातला किती वाटा पगारावर जातो, मैदान कुणाकडे गहाण आहे, शेअर कुणाच्या हातात आहेत आणि यातून संघाची बचावफळी भक्कम होणार की आणखी एक खेळाडू विकला जाणार, या विषयांवर फिटर, बसचालक आणि शाळामास्तर जेवणाच्या सुट्टीत हमरीतुमरीवर येतात.

सुरुवातीला मला याची गंमत वाटे. खेळ म्हणजे चार घटकांचा विरंगुळा. त्यात हिशेबाच्या वह्या कशाला? पण जसजसा तिथल्या क्लबांचा इतिहास कळत गेला, तसतसे माझे मत बनत गेले की ही वह्या चाळण्याची सवय हीच त्या खेळाची खरी राखण आहे. किंबहुना ती सवय पुरेशी नव्हती, म्हणूनच तिथे एवढे संसार मोडले.

आधी परिस्थिती पाहू. स्कॉटलंडची लोकसंख्या साधारण ५४ लाख, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्या लोकांत ४२ क्लबांची लीग चालते. लोकसंख्येच्या मानाने मैदानावर जाऊन सामना पाहणाऱ्यांचे प्रमाण पाहिले तर हा देश युरोपात अग्रभागी आहे. पण शेजार इंग्लंडचा, आणि श्रीमंत शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून राहणे किती अवघड असते हे सांगायला नको. २०२३-२४ च्या हंगामात इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये शेफील्ड युनायटेड तळाला राहिला. तरी त्याच्या वाट्याला लीगकडून सुमारे ११ कोटी पौंड आले. स्कॉटलंडच्या साऱ्या क्लबांना मिळून देशातल्या लीगच्या प्रक्षेपणापोटी वर्षाला जे मिळते, ते त्याच्या एक तृतीयांशही भरत नाही. म्हणजे इथला खेळ जगतो तो तिकीटखिडकीवर आणि हंगामी पासांवर. खेळाडूचा पगार खऱ्या अर्थाने पाठीराखाच देतो.

मग संघ बलवान करायचा कसा? मार्ग दोनच. अंथरूण पाहून पाय पसरायचे, किंवा ऋण काढून सण करायचा. गेल्या चाळीस वर्षांचा स्कॉटिश फुटबॉलचा इतिहास हा या दोन म्हणींमधल्या ओढाताणीचा इतिहास आहे.

ग्लासगोच्या पूर्व भागातल्या गरीब आयरिश स्थलांतरितांच्या मुलांना जेवण मिळावे, म्हणून निधी उभारण्यासाठी एका धर्मबंधूच्या पुढाकाराने १८८७ मध्ये सेल्टिक क्लब स्थापन झाला. पुढे त्याची सूत्रे काही घराण्यांकडे गेली आणि पिढ्यानपिढ्या तिथेच राहिली. १९६७ मध्ये युरोपियन कप जिंकणारा हा पहिला ब्रिटिश संघ. त्यातले सारे खेळाडू ग्लासगोच्या तीस मैलांच्या परिसरात जन्मलेले! पण १९९४ च्या मार्चमध्ये हाच क्लब दिवाळखोरीपासून अवघ्या काही तासांवर येऊन ठेपला. बँकेने हात आखडले होते आणि पाठीराख्यांनी जुन्या संचालकांविरुद्ध चळवळ उभारली होती. तेव्हा फर्गस मॅकॅन हा कॅनडात जाऊन पैसा कमावलेला स्कॉटिश माणूस पुढे आला. त्याने क्लब ताब्यात घेतला, शेअर विक्रीला काढले आणि हजारो सामान्य पाठीराख्यांनी ते घेतले. एक कोटीहून अधिक पौंड त्यातून उभे राहिले. त्या शेअरवर लाभांश मिळेल म्हणून कुणी ते घेतले नव्हते. पुष्कळांनी ते चौकटीत घालून भिंतीवर टांगले.

मॅकॅनने पाच वर्षांत साठ हजार आसनांचे स्टेडियम उभे केले. पण हा गृहस्थ खेळाडूंवर पैसा सोडताना हात राखून सोडी. परिणाम? १९९८ मध्ये दहा वर्षांनी लीगचे विजेतेपद मिळाले, नव्या हंगामाच्या आरंभी विजयध्वज फडकवायला मॅकॅन मैदानावर आला आणि ज्यांचा क्लब त्याने वाचवला, त्यांच्यातल्याच अनेकांनी त्याची हुर्यो उडवली. घरात काटकसर करणाऱ्या माणसाच्या नशिबी जे येते, तेच त्याच्याही आले. आज तेच लोक त्याचे नाव आदराने घेतात.

आता शहराच्या दुसऱ्या बाजूला जाऊ. १९८८ मध्ये डेव्हिड मरे या उद्योगपतीने ६० लाख पौंडांना रेंजर्स विकत घेतला. १९८९ ते १९९७ अशी सलग नऊ विजेतेपदे आली. ब्रायन लॉड्रप, पॉल गॅस्कॉइन यांच्यासारखे तारे ग्लासगोत उतरले. सेल्टिकने पाच पौंड खर्च केले तर आम्ही दहा करू, अशी भाषा मालकाच्या तोंडी होती आणि ती ऐकून मैदान खूश होते. २००० मध्ये तोरे आंद्रे फ्लो या नॉर्वेच्या खेळाडूसाठी तब्बल १ कोटी २० लाख पौंड मोजले गेले. हा पैसा येतो कुठून, असे विचारणारा त्या काळात शुभकार्यात शिंकणारा ठरला असता. पुढच्या दशकात खेळाडूंना पगाराचा काही भाग ‘न्यासाकडून कर्ज’ या नावाखाली देण्याची युक्ती निघाली, म्हणजे त्यावर कर नको. ते कर्ज नसून कमाईच आहे आणि तिला कर लागू होतो, असा निर्वाळा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. पण तोवर फार उशीर झाला होता.

कारण २०११ मध्ये मरे यांनी क्लब क्रेग व्हाइट यांना विकला. किंमत एक पौंड! अट एवढीच की बँकेचे सुमारे १ कोटी ८० लाख पौंडांचे देणे फेडायचे. व्हाइट यांनी ते फेडले, पण पुढच्या काही हंगामांच्या पासांचे येणारे उत्पन्न एका कंपनीला आगाऊ विकून. जरा थांबून याचा अर्थ लक्षात घ्या. जी तिकिटे अजून छापलीही नव्हती, त्यांच्या पैशावर क्लबचा व्यवहार झाला. पाठीराख्यांच्या पुढल्या वर्षांच्या निष्ठेवर त्यांना न विचारता कर्ज काढले गेले. पुढे व्हाइट यांच्यावर फसवणुकीचा खटला चालला आणि २०१७ मध्ये ते निर्दोष सुटले. मला तर हीच गोष्ट अधिक विचार करायला लावणारी वाटते.

१४ फेब्रुवारी २०१२ रोजी क्लबवर प्रशासक नेमला गेला. कर खात्याबरोबर रुग्णवाहिका सेवेपासून वर्तमानपत्रे टाकणाऱ्या दुकानदारापर्यंत अनेकांची देणी थकली होती. समझोता फसला, कंपनी विसर्जित झाली, मालमत्ता ५५ लाख पौंडांना विकली गेली आणि नव्या कंपनीच्या रेंजर्सला चौथ्या श्रेणीतून सुरुवात करावी लागली. जुना क्लब मेला की नुसती कंपनी मेली, हा वाद ग्लासगोत आजही भल्या घरांतली जेवणे बिघडवतो. त्यात मी पडत नाही. मला आठवते ती त्या ऑगस्टमधली संख्या : ईस्ट स्टर्लिंगशायरसारख्या छोट्या संघाविरुद्धचा चौथ्या श्रेणीतला सामना पाहायला ४९,११८ माणसे आली.

हा आकडा अभिमानाचा आहे आणि धोक्याचाही. किराणा महाग झाला तर आपण दुकान बदलतो, वर्तमानपत्र आवडेनासे झाले तर तेही बदलतो. पण बापाने लहानपणी खांद्यावर बसवून ज्या संघाचा सामना दाखवला, तो संघ माणूस बदलत नाही. क्लब हे असे दुकान आहे, ज्याचे गिऱ्हाईक कधीच दुसरीकडे जाणार नाही. मालकाच्या हाती खेळाडू, मैदान आणि चषकांचे कपाट तर येतेच. पण खरी दौलत म्हणजे ही सोडता न येणारी माया. आणि तीच सगळ्यांत आधी गहाण पडते.

मालक सज्जन असला म्हणजे भागते, असेही नाही. स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवर ग्रेटना नावाचे जेमतेम तीन हजार वस्तीचे गाव आहे. इंग्लंडमधून पळून आलेली जोडपी शेजारच्या ग्रेटना ग्रीनमध्ये लग्ने लावीत, म्हणून या परिसराचे नाव गाजले. या गावच्या क्लबवर ब्रुक्स माइलसन नावाच्या उद्योजकाचा जीव जडला. त्याने मुक्त हस्ते पैसा ओतला. २००५, २००६ आणि २००७ अशी सलग तीन वर्षे बढती मिळाली; २००६ मध्ये ग्रेटना स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि पेनल्टींवर हरला. गावाने स्वप्न पाहिले. मग माइलसन आजारी पडला, पैशाचा ओघ आटला आणि २००८ मध्ये क्लब संपला. त्याच वर्षी माइलसनही गेला. सारा प्रपंच एका माणसाच्या प्रकृतीवर उभा होता. आता तिथे जो क्लब आहे, तो पाठीराख्यांनी नव्याने काढलेला.

याच्या उलट वाटही स्कॉटलंडनेच दाखवली. एडिनबरोच्या हार्ट्स क्लबला लिथुआनियाचे बँकमालक व्लादिमिर रोमानोव्ह यांनी २००५ मध्ये ताब्यात घेतले. २००६ आणि २०१२ असे दोनदा स्कॉटिश कप आले. २०१२ मध्ये तर गावातल्याच हिब्सला ५-१ असे धूळ चारून. पण २०१३ मध्ये क्लब प्रशासकाच्या हाती गेला, १५ गुण कापले गेले आणि संघ खालच्या श्रेणीत घसरला. तेव्हा अ‍ॅन बज या व्यावसायिक बाईंनी पैसे घालून क्लब घेतला, तो मुळी पुढे पाठीराख्यांना सुपूर्द करण्याच्या बोलीवर. हजारो माणसे महिना दहा पौंडांपासून वर्गणी भरत राहिली. संघ जिंको वा हरो, वर्गणी थांबली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये ७५.१ टक्के शेअर पाठीराख्यांच्या संस्थेच्या नावावर झाले. २०२५ मध्ये टोनी ब्लूम या धनवंताने ९८ लाख ६० हजार पौंड गुंतवले, पण त्यांना मिळालेल्या शेअरना मतदानाचा हक्क नाही. पैसा घेतला, किल्ली मात्र दिली नाही. मदरवेलच्या पाठीराख्यांनी तर २०२४ मध्ये बाहेरून आलेला गुंतवणुकीचा प्रस्ताव मतदानाने नाकारला.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो खोडून काढण्याजोगा नाही. माझा एक वयस्क सहकारी, जन्मभर सेल्टिकचा पास काढणारा, म्हणे, ‘‘बँकेतली शिल्लक पाहायला मी मैदानावर जात नाही!’’ त्याचे म्हणणे २०२५ मध्ये प्रत्ययाला आले. त्या वर्षी जूनअखेर सेल्टिककडे सुमारे ७ कोटी ७० लाख पौंडांची रोकड होती, आणि ऑगस्टमध्ये कझाकस्तानच्या कैरात संघाने त्यांना चॅम्पियन्स लीगच्या दाराबाहेरच रोखले. दोन सामन्यांत मिळून सेल्टिकला एक गोल करता आला नाही. नोव्हेंबरची वार्षिक सभा गदारोळात गुंडाळावी लागली. तिजोरी भरलेली आणि आघाडीची फळी रिकामी, हाही कारभाराचा दोषच. काटकसर आणि कंजुषी यांतला फरक सांभाळता आला पाहिजे.

तो फरक ठरवायचा कुणी? माझे उत्तर सरळ आहे. ज्याला नुकसान झाल्यावर निघून जाता येत नाही, त्याने. मालक शेअर विकून जातो, प्रशिक्षक दुसरा क्लब धरतो, खेळाडू तर मोसमागणिक बदलतात. मागे उरतो तो पाठीराखाच. म्हणून प्रत्येक क्लबमध्ये त्याच्या हाती निदान एवढा हिस्सा हवा की मैदान विकणे, गहाण टाकणे किंवा पुढल्या वर्षांचे उत्पन्न आज मोडून खाणे त्याच्या संमतीवाचून होऊ नये. जर्मनीत मतांचा अर्ध्याहून अधिक वाटा सदस्यांकडे ठेवण्याचा नियम आहे. इंग्लंडने २०२५ मध्ये कायदा करून स्वतंत्र नियामक आणला. स्कॉटलंडला तो कायदा लागू नाही. तिथे भिस्त अजून वर्गणीदारांच्या जागरूकतेवरच आहे.

आणि ही जागरूकता पराभवाच्या वर्षी दाखवून उपयोगाची नाही. त्या वर्षी तर सगळेच हिशेब मागतात. ग्लासगोच्या दक्षिण भागात कॅथकिन पार्क नावाची बाग आहे. तिथे थर्ड लानार्क या १८७२ मध्ये स्थापन झालेल्या क्लबचे मैदान होते. १९६०-६१ च्या हंगामात या संघाने ३४ सामन्यांत शंभर गोल केले आणि लीगमध्ये तिसरा क्रमांक मिळवला. अवघ्या सहा वर्षांत, १९६७ मध्ये, क्लब बुडाला. कारभारातले गैरप्रकार नंतर सरकारी चौकशीत उघड झाले. प्रेक्षकांच्या पायऱ्या अजून आहेत, त्यांतून झाडे वाढली आहेत आणि मधल्या हिरवळीवर पोरे खेळतात. १९६७ मध्ये हळहळणारे पुष्कळ होते. शंभर गोलांच्या वर्षी वही मागणारे चारजण उभे राहिले असते, तर आज त्या पायऱ्यांवर झाडांच्या जागी माणसे असती.