आधी नाव सांगा

सकाळी साडेसहाला दारात सलाम करून मी दोनच प्रश्न विचारते, "पूर्ण नाव काय? शेवटचं कधी खाल्लंत?" एका रुग्णालयाच्या लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेणं हे माझं काम. "दर महिन्याला येतेस, तरी नाव विचारतेस?" असं हसून ऐकवणाऱ्या खालाही आहेत. तरी मी विचारते.

दुसऱ्या प्रश्नाचं कारण सोपं. उपाशीपोटी साखर तपासायची तर निदान आठ तास काही खाल्लेलं नसावं. साधं पाणी चालतं. रमजानात पाचला सेहरी करून सातला दिलेलं रक्त त्यात धरता येत नाही.

पहिल्या प्रश्नाचं कारण मला एका घरानं शिकवलं. दोन जावांचं रक्त घ्यायचं होतं. थोरलीला सगळे बेबी म्हणत, धाकटीला मुन्नी. धाकटी गरोदर होती. कागदावर दोघींची नावं निराळीच. दोघींची सीबीसी, म्हणजे जांभळ्या झाकणाच्या सारख्या दोन ट्यूब. मूल रडत होतं, चहाचा आग्रह चालला होता. लेबलं खाली जाऊन लावू म्हणून मी निघाले. स्कूटरजवळ ट्यूब हातात घेतल्या आणि घाम फुटला. कोणती कोणाची?

अंदाजानं लेबल लावलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. पण मी जिना चढून परत गेले, चूक सांगितली. घरातले भाईजान रागावले आणि त्यांचं बरोबरच होतं. थोरलीनं मात्र दुसरी बाही वर केली. "घे बेटा, पुन्हा घे." आधीच्या ट्यूब बाद केल्या आणि नव्या ट्यूबवर तिथंच, दोघींना विचारून नावं घातली.

संध्याकाळी रिपोर्ट आले. थोरलीचं हिमोग्लोबिन 12.4, धाकटीचं 6.8. त्याच रात्री धाकटीला दवाखान्यात दाखल केलं. लेबलांची अदलाबदल झाली असती, तर तिला "सगळं ठीक आहे" असा निरोप गेला असता.

म्हणून सांगते, ज्याचं रक्त त्यानं स्वतः नाव आणि वय सांगावं. घरातलं लाडाचं नाव नको, आधार कार्डावरचं सांगा. ट्यूबवर लेबल तुमच्यासमोर लागलं का, तेही बघा. न लावताच कोणी निघालं, तर त्याला दारातच थांबवा. ती मी असले तरी.