कौलाखालचा वारा

मे महिन्यात मुंबईचा मुलगा कोकणातल्या घरी येतो. कौलांतून आईच्या अंथरुणावर धूळ पडते, जोराच्या पावसात तुषार येतात, म्हणून हौसेने तिच्या खोलीला प्लायवूडचे छत मारून देतो. वळचणीची फटही सिमेंटने बुजवतो. खोली देखणी दिसते, आई शेजारणींना कौतुकाने दाखवते. चार-पाच पावसाळे जातात आणि एक दिवस छतावर ओला डाग उमटतो. सुतार छत काढून बघतो, तर कौले धडधाकट, पण त्याखालच्या रिपा हाताने चुरता येतात!

दोष मुलाच्या मायेचा नाही, लाकडाचाही नाही. दोष कोंडलेल्या हवेचा आहे.

मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि ही कौले पश्चिम किनाऱ्यावर घरोघर पोहोचली. ती एकमेकांत अडकतात, पण सांधे पक्के बंद होत नाहीत. भाजलेली माती थोडे पाणी शोषते. पावसाची उघडीप मिळाली की वरून ऊन आणि खालून वारा तिला सुकवतात. पूर्वी चुलीचा धूरही या फटींतूनच बाहेर पडे. त्याच्या उबेने वासे कोरडे राहत आणि काजळीमुळे किडीलाही ते रुचत नसत. गॅस आला, धूर गेला. हे चांगलेच झाले, पण आता छपराची सारी भिस्त वाऱ्यावर आहे. छत ठोकून तोही अडवला, तर ओल जाणार कुठे? लाकडातील ओलावा वीस टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला, की कुजवणारी बुरशी धरते. ओलसर लाकूड वाळवीलाही आवडते.

अमेरिकेत उतरत्या छपरांवर डांबरी ‘शिंगल्स’ ठोकतात. हवा खेळती ठेवली की त्या पुष्कळ जास्त टिकतात, असा समज तिथे रूढ आहे. मोजमापे घेतली तेव्हा मात्र शिंगल्स किती तापतात हे वाऱ्यापेक्षा त्यांच्या रंगावर आणि उन्हाच्या दिशेवर अधिक अवलंबून असल्याचे दिसले. वाऱ्याचा मोठा फायदा होतो तो खालच्या लाकडाला, कारण साचलेली ओल निघून जाते. म्हणूनच तिथल्या बांधकाम नियमांत पोटमाळ्याच्या क्षेत्रफळाच्या दीडशेव्या भागाइतकी हवेची वाट सर्वसाधारणपणे सांगितलेली असते.

तोच हिशोब आपल्याकडेही उपयोगी पडतो. खोली ३०० चौरस फुटांची असेल, तर एकूण दोन चौरस फूट मोकळी वाट हवी. त्यातली निम्मी खाली वळचणीशी आणि निम्मी वर आढ्याजवळ ठेवावी. गरम हवा वरून निघते आणि तिच्या जागी खालून ताजी येते. दोन्ही वाटा एकाच उंचीवर असल्या, तर हे चक्र नीट चालत नाही. उंदीर आणि वटवाघळे येऊ नयेत म्हणून जाळी बसवावी. जाळी काही जागा अडवते, तेव्हा भोक थोडे मोठेच ठेवावे.

छत हवेच असेल, तर ते कौलांना चिकटून नको. मधे मोकळी जागा राहू द्यावी आणि माणूस डोकावू शकेल एवढे झाकण ठेवावे. कौलांच्या खाली प्लास्टिकचा कागद गच्च ताणू नये. स्वयंपाकघरातील पंख्याची वाफ माळ्यावर न सोडता भिंतीबाहेर काढावी. दरवर्षी शाकारणीच्या वेळी फुटकी कौले बदलताना रिपांना स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टोचून पाहावे. टोक सहज आत गेले, तर ती रीप पावसाआधीच बदलावी.

आईच्या खोलीला छत जरूर मारावे. फक्त वळचण बुजवण्याआधी मुलाने तिलाच विचारावे, ही फट ठेवली कशासाठी होती? उत्तर बहुधा तिला ठाऊक असते.