परसातील पपई

परभणी, सेलू, मानवत, जिंतूर येथील मोंढ्यालगतच्या ज्या घरांना अजून परस उरले आहे, तेथे तुळस आणि कढीपत्त्याच्या सोबतीला पपईचे एखादे झाड बहुधा असतेच. ते कोणी लावलेले नसते. केव्हातरी फेकलेल्या सालीबरोबर बी पडते, पावसात रुजते आणि सात-आठ महिन्यांत डोक्याच्या वर जाते. मग त्याला लांब देठांचे, लोंबते फुलोरे येतात, पांढरट फुलांचा सडा पडतो, आणि फळ मात्र धरत नाही. शेजारी सांगतात, ‘नर आहे, तोडून टाका.’ जैन घरात प्रश्न येथेच सुरू होतो. हिरवेगार, निरोगी झाड केवळ फळ देत नाही म्हणून तोडावे काय?

पपईत नर, मादी आणि उभयलिंगी अशी तीन प्रकारची झाडे असतात. मादीचे फूल खोडाला चिकटून एकेकटे येते व फळ गोलसर होते. उभयलिंगी झाडाचे फळ लांबट असते. रोप लहान असताना यांतील फरक डोळ्यांना ओळखता येत नाही. म्हणून जुन्या जातींसाठी शेतकरी एका खड्ड्यात तीन रोपे लावतात, फुले आली की एक ठेवतात, बाकीची उपटतात आणि परागासाठी दहा मादी झाडांमागे एखादा नर राखतात. शेतीच्या हिशेबात ते योग्यच आहे. पण श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडविरती आहे, म्हणजे निष्कारण हिंसा टाळणे. उपटायचे हे ठाऊक असूनच रोपे लावणे त्यात मोडते की नाही, हे ज्याने त्याने आपल्या गुरूंना विचारावे. घरच्या दोन झाडांपुरती ती वेळ येऊच न देण्याची सोय मात्र आहे.

पुसा डेलिशियस, को-७ आणि तैवानहून आलेली रेड लेडी या जातींत नर झाड नसते. रोपे उभयलिंगी तरी निघतात किंवा मादी, आणि दोन्हींना फळ येते. अशी दोन रोपे सहा-सात फुटांच्या अंतराने लावली, तर उपटण्याजोगे काहीच उरत नाही. बाजारातून आणलेल्या फळाचे बी पेरले तर ही खात्री राहत नाही, कारण त्या फळाला पराग कोणत्या झाडाचा लाभला हे कोणास ठाऊक! १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले, आज वसंतराव नाईकांचे नाव धारण करणारे कृषी विद्यापीठ परभणीतच असताना पाकिटावरील रंगीत चित्रावर विसंबण्याचे कारण नाही. तेथील उद्यानविद्या विभागात जातीची चौकशी करूनच रोप घ्यावे.

आणखी एक चूक मराठवाड्याच्या उन्हाळ्यात होते. पारा चाळिशीपार गेला की उभयलिंगी झाडाची पुष्कळ फुले नरासारखी वांझ होऊन गळतात. घरमालकाला वाटते, रोपवाल्याने फसवले. आणि मे महिन्यात चांगल्या झाडावर कुऱ्हाड पडते. अशा झाडाला पावसाळाभर अवसर द्यावा. हवा निवली की त्यालाच पुन्हा फळ धरते.

झाडाचा खरा शत्रू पाणी आहे. या जिल्ह्यातील काळी माती पाणी धरून ठेवते आणि पपईच्या मुळांना एक-दोन दिवसांचे साचलेले पाणीही सोसत नाही. बुंधा कुजतो, झाड उभ्याउभ्या कोसळते. तरी न्हाणीचे पाणी आपसूक मिळते म्हणून झाड नेमके तिथेच लावण्याची रीत घरोघर दिसते. त्याऐवजी मुरूम आणि शेणखत मिसळून हातभर उंचीचा ओटा करावा, रोप त्यावर लावावे आणि पाणी बुंध्याला न लागेल असे कडेच्या आळ्यात द्यावे.

माव्यामुळे पसरणारा विषाणूरोग हे दुसरे संकट. पाने चट्टेरी होतात, फळावर वलये उठतात. त्यावर औषध नाही. फवारणी केली तर मावा मरतो, म्हणजे त्रस जीवांची हिंसा घडते. विषाणू झाडातून जात नाही तो नाहीच. रोप बारीक जाळीखाली वाढवणे, भोवतालचे तण वाढू न देणे, शेजारी काकडी-भोपळ्याचे वेल न चढवणे, एवढेच हाती असते. इतके करूनही रोग आलाच, तर ते झाड काढावे लागते. येथे पळवाट नाही.

स्वयंपाकघरात पपईचे मोल बटाट्याच्या जागी कळते. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरात कच्च्या पपईच्या फोडी रस्साभाजीत उत्तम शिजतात. सारणाला मात्र ती पाणी सोडते. तेथे उकडलेले कच्चे केळे घालून घट्टपणा आणावा. मोहरी, हळद आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीत परतून लिंबू पिळलेला तिचा कीस पोळीबरोबर छान लागतो. चिरताना हाताला तेल लावावे, चिकाने कातडी चुरचुरते. गरोदर स्त्रीला कच्ची पपई देऊ नये, हा आजीचा नियम मोडू नये. चातुर्मासात कच्ची फळे हवी असतील तर रोप आश्विनात, पाऊस ओसरल्यावर लावावे. ज्यांचा तिथीला हिरवीचा त्याग आहे, त्यांचा प्रश्न अर्थातच वेगळा.

पपई सर्वांनाच चालते असेही नाही. बावीस अभक्ष्यांत बहुबीज येते: ज्या फळात बियांना वेगवेगळी घरे नसतात ते. पपई मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात इकडे आली. त्यामुळे प्राचीन ग्रंथांत तिचा शोध घेणे व्यर्थ. काही दिगंबर परंपरांत मात्र एरंडकाकडी, म्हणजे हीच पपई, बहुबीजाचे उदाहरण म्हणून सांगतात आणि वर्ज्य मानतात. सून एका परंपरेतून व सासर दुसऱ्या परंपरेचे असेल, तर पपई ताटात येण्यापूर्वीच हे बोलून घेतलेले बरे.

उरल्या बिया. किराण्याच्या व्यापाऱ्याला त्यांची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. वाळलेल्या पपईच्या बिया काळ्या मिऱ्यांसारख्याच दिसतात आणि भेसळीला वापरल्या जातात. पेलाभर पाण्यात मिरे टाकावेत. भरीव मिरे तळाशी बसतात, पपईच्या बिया तरंगतात. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतील शेवटचा ‘प्रतिरूपक व्यवहार’ म्हणजे हेच. घरच्या पपईच्या बिया बागेच्या कोपऱ्यात पुराव्यात. पुढच्या पावसात त्यांतली एखादी रुजलीच, तर तिला फुले येईपर्यंत थांबावे.