हवा किती भरायची?

गुडघ्याने असहकार पुकारला तेव्हा मी मोटरसायकल विकून ट्राईक घेतली. पुढे एक चाक, मागे दोन. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे रिक्षाच की रे!" असो.

ही रिक्षा म्हणजे हार्लेची ट्राय ग्लाइड. वजन साडेपाचशे किलोच्या वर. इथे नॉर्थ कॅरोलिनात राहून ब्लू रिज पार्कवेचे सगळे ४६९ मैल दोघांनी सावकाश करायचे, हा आमचा जुना बेत. मागच्या वर्षी मागचे टायर बदलून निघालो. दुसऱ्याच दिवशी बायको म्हणाली, "पुढच्या वेळी तू एकटाच जा. माझ्या कमरेला नाही सोसत हे."

मला वाटलं, वय झालं. तरी उपाय म्हणून मागच्या शॉक्समध्ये आणखी हवा भरली. जास्त हवा म्हणजे जास्त मऊ गादी, हा माझा समज. झालं उलटंच. हवा वाढली की शॉक्स कडक होतात.

घरी परतल्यावर सकाळी, टायर थंड असताना, गेज लावला. मागे ३५! दुकानदाराने कारचे टायर पाहून कारसारखी हवा भरली होती. ट्राईकच्या मागच्या टायरवर कारच्या टायरपेक्षा खूप कमी वजन येतं. मॅन्युअलमध्ये मागे २६ आणि पुढे ३६ लिहिलंय. टायरच्या अंगावर छापलेला आकडा ही त्याची कमाल मर्यादा असते, आपल्या गाडीची गरज नव्हे. आणि टायर हीच पहिली स्प्रिंग. तीच दगड झाली तर बारीक धक्के थेट वर येतात.

त्यातून ट्राईक वळणावर झुकत नाही. एक मागचं चाक खड्ड्यात गेलं की अख्खी गाडी बाजूला हिसका देते, आणि मागे बसणारा माणूस जवळजवळ त्या आसावरच बसलेला असतो. पुढे हॅंडल धरून बसलेल्या मला त्यातलं निम्मंही कळत नव्हतं.

मग मागची हवा २६ वर आणली. शॉक्सना हातपंपच वापरला, कारण त्यांत हवा इतकी थोडी मावते की पेट्रोलपंपावरचा कॉम्प्रेसर क्षणात सील उडवू शकतो. एका वेळी एकच बदल, तोच दहा मैलांचा रस्ता, आणि प्रत्येक आकडा वहीत. डोंगरात रात्री गारठा पडला की टायरचं प्रेशरही उतरतं, दर सात अंश सेल्सियसला साधारण एक पीएसआय. म्हणून तिथेही सकाळी निघण्याआधी गेज लावायचा.

शेरा मात्र बायकोचा. "आता हिसका कमी आहे, पण खड्ड्यात खाली आपटतंय," म्हणाली, की शॉक्समध्ये थोडी हवा वाढवायची. चार फेऱ्यांत जमलं.

माझं मत विचाराल तर, पुस्तकातला आकडा ही सुरुवात. त्यापुढे शॉक्स किती मऊ ठेवायचे ते मागे बसणाऱ्याने ठरवावं. आम्ही चालवणारे लोक गाडीचा प्रत्येक आवाज कान देऊन ऐकतो आणि मागून आलेल्या वाक्याला 'कुरकुर' म्हणतो. माझ्या गाडीतला खरा बिघाड त्या कुरकुरीनेच आधी सांगितला होता. मी तो वयावर ढकलला.

पार्कवेचे दोनशे मैल अजून बाकी आहेत. या वेळी "कधी निघायचं?" हे तिने विचारलंय.