देव मानणारा, देव न मानणारा आणि एकच काठी

मंडळी, पोस्ट लांब आहे. दोन ओळींत उरकली तर दोन्हीकडचे लोक आपापल्या सोयीचं तेवढंच उचलणार, म्हणून सगळं लिहितोय. आधी शेवटपर्यंत वाचा, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

२०२५ च्या जूनमध्ये आपल्या शेजारच्या सांगलीत जतचे आमदार गोपीचंद पडळकर यांनी जाहीर भाषणात धर्मांतर करणाऱ्या पाद्र्यांना बदडणाऱ्यांसाठी रोख बक्षिसांची भाषा केली. आकडा ११ लाखांपर्यंत गेला. निमित्त होतं एका गरोदर विवाहितेच्या मृत्यूचं. सासरच्यांनी धर्मांतरासाठी छळ केला, असा आरोप आहे. तो गंभीर आहे, तपास झालाच पाहिजे आणि दोषी असतील ते आत गेलेच पाहिजेत. पण एका घरावरच्या आरोपाची शिक्षा महाराष्ट्रातल्या प्रत्येक पाळकाला? तीही बक्षीस लावून? कुस्तीच्या मैदानात इनाम पुकारतात तसं? जुलैत ख्रिस्ती समाज मुंबईच्या आझाद मैदानावर उतरला तो याचसाठी.

आता खरा मुद्दा. या सगळ्या गदारोळात आमच्या पुरोगामी, विवेकवादी, नास्तिक मित्रांपैकी बरेच जण गप्प बसले. का? खासगीत विचारलं की उत्तर मिळतं, 'ते तरी कुठले धुतल्या तांदळाचे? तेही प्रार्थनेने आजार बरे करतात. अंधश्रद्धा ती अंधश्रद्धाच.' आणि चर्चला जाणारे मित्र काय म्हणतात? 'नास्तिकांचं आम्हाला काय सांगता? त्यांनीच जादूटोण्याचा कायदा आणला आणि आज तोच आमच्या पाळकांवर लावतात.'

म्हणजे दोघेही एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे. काठी तिसऱ्याच्याच हातात, ती कुणालाच दिसत नाही.

आधी या दोघांची ताकद बघा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्यालाही कमी. स्वतःला नास्तिक म्हणवून नोंदवणारे देशभरात जेमतेम ३३ हजार, त्यातले साडेनऊ हजारांवर महाराष्ट्रातले. मतांच्या हिशोबात दोघांची किंमत शून्याच्या आसपास. म्हणून तर दोघांना झोडपायला कुणाला काही लागत नाही.

विसरला असाल तर आठवण करून देतो. २३ डिसेंबर २०१८, नाताळच्या आधीचा रविवार. आपल्याच जिल्ह्यात, चंदगड तालुक्यातलं कोवाड. रणजित देसाईंचं कोवाड. एका घरात प्रार्थना चालली होती. तोंडं बांधलेली टोळी तलवारी, दगड, बाटल्या घेऊन आत घुसली. बायामाणसं जखमी झाली. कोल्हापुरात किती दिवस चर्चा झाली त्याची? दोन? तीन?

आणि १६ फेब्रुवारी २०१५. सागरमाळ. कॉम्रेड गोविंद पानसरे आणि उमाताई सकाळी फिरून परत येत होते. गोळ्या घातल्या. २० तारखेला अण्णा गेले. त्याआधी दीड वर्ष, २० ऑगस्ट २०१३ ला, पुण्यात डॉ. दाभोलकर गेले. दाभोलकर खटल्याचा निकाल लागायला २०२४ चा मे उजाडला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. पानसरे खटला अजून चालूच आहे.

कोवाडच्या घरात प्रार्थना करणारा देव मानत होता. सागरमाळावरचा माणूस मानत नव्हता. मारणाऱ्याला त्या फरकाशी काही देणंघेणं होतं का? 'हा आमच्यासारखा नाही' एवढंच त्याला पुरेसं होतं.

आता आधी ख्रिस्ती मित्रांना स्पष्टच सांगतो. २०१२ साली मुंबईत विलेपार्ल्याच्या इर्ला भागातल्या चर्चजवळच्या क्रूसाच्या पायांतून पाणी झिरपायला लागलं. भाविकांची रीघ लागली, लोक ते पाणी तीर्थ म्हणून घेऊ लागले. सनल इडामारुकू हे विवेकवादी तिथे गेले आणि जवळची तुंबलेली गटार दाखवून म्हणाले, पाणी तिथलं आहे, भिंतीतून केशाकर्षणाने वर चढतंय. झालं. काही कॅथलिक संघटनांनी भावना दुखावल्या म्हणून २९५-अ खाली तक्रारी केल्या. हा माणूस अटकेच्या भीतीने फिनलंडला गेला तो गेलाच. गटारीचं पाणी लोकांनी पिऊ नये म्हणणाऱ्याला देश सोडावा लागला. हा छळ नव्हे तर काय? आणि तो कुणा हिंदुत्ववाद्याने केलेला नव्हता.

ते २९५-अ कलम १९२७ चं, इंग्रजांचं. आता न्याय संहितेत २९९ झालंय. ज्या कलमाने तुम्ही इडामारुकूंना गप्प केलंत, तेच कलम उद्या तुमच्या पाळकाच्या प्रवचनावर लागतं. 'मूर्तीला नमस्कार करू नका' एवढं वाक्य पुरतं. भावना दुखावल्याचा कायदा ज्याच्या मागे गर्दी मोठी त्याच्याच कामाला येतो. तुमच्या मागे एक टक्कासुद्धा नाही, हे ध्यानात ठेवा.

दुसरं, ते 'आजार बरे करण्याच्या' सभा. कॅन्सर, एचआयव्ही, वेड, सगळं प्रार्थनेने बरं होतं म्हणून सांगणारे आहेत. सगळे नाहीत, पण आहेत. इथून तासाभरावर मिरज आहे. १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी तिथे मिशन हॉस्पिटल उभं केलं. श्रद्धावान माणूस होता तो, पण पोट दुखतंय म्हणून आलेल्याला चाकू लावून बरं करत होता, औषध थांबवा म्हणत नव्हता. त्यांच्या पंथातल्या माणसांनी गोळ्या बंद करा म्हणून सांगावं? प्रार्थना करा, हजार वेळा करा. पण पेशंटला दवाखान्यापासून अडवलंत तर गुन्हा दाखल झालाच पाहिजे, आणि तो होताना मी तुमच्या बाजूने उभा राहणार नाही.

आता नास्तिक मित्रांनो, तुमची पाळी.

जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. दाभोलकरांनी त्यासाठी हाडाची काडं केली, आणि त्यांचा खून झाल्यावर सरकारला जाग येऊन वटहुकूम निघाला. हा कायदा हिंदूविरोधी आहे म्हणून बोंब मारणारे कोण होते, आठवतंय? आज त्याच गोटातली मंडळी पाळकांविरुद्ध हाच कायदा घेऊन पोलीस ठाण्यात जातात. कायदा सगळ्या धर्मांना सारखा, हे बरोबरच आहे. पण प्रार्थना, भजन, कीर्तन, उपासना या कायद्यात बसत नाहीत, हेही त्यातच लिहिलेलं आहे. गुन्हा फसवणुकीचा, इजा करण्याचा, उपचार रोखण्याचा आहे. घरात चार माणसं बायबल वाचत बसली हा गुन्हा नाही. तुमच्या माणसाच्या रक्तातून उभा राहिलेला कायदा जमाव पळवून नेतोय आणि तुम्ही 'अंधश्रद्धा ती अंधश्रद्धाच' म्हणून बघत बसता?

आणि एक गोष्ट तुमच्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे? सरकारी फॉर्मवर 'धर्म नाही' असं लिहायचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली मान्य केला. याचिका कुणी केली होती? नास्तिकांनी नव्हे. फुल गॉस्पेल चर्च ऑफ गॉड नावाच्या गटाच्या माणसांनी. त्यांचं म्हणणं, आम्ही येशूला मानतो, पण ख्रिस्ती धर्म मानत नाही, आमची नोंद 'धर्म नाही' अशी करा. सरकारी मुद्रणालयाने गॅझेटमध्ये तसं छापायला नकार दिला, ते कोर्टात गेले आणि जिंकले. कोर्टाने सांगितलं, कलम २५ मध्ये धर्म नसण्याचं स्वातंत्र्यही येतं आणि सरकार कुणाला धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही. नास्तिकाचा हक्क येशूच्या भक्तांनी मिळवून दिला. आता तरी त्यांच्या दारात दगड पडताना घराबाहेर या की.

आता धर्मांतरविरोधी कायद्याकडे. कडक कायदा आणू, असं सरकारने २०२५ मध्ये सांगितलं होतं. इतर राज्यांत काय झालं ते बघा. उत्तर प्रदेशात धर्म बदलायचा तर आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं, आणि २०२४ च्या दुरुस्तीनंतर तक्रार कुणीही करू शकतो. नात्यातलाच असायला हवा असं नाही. मात्र आधीच्या धर्मात परत गेलं तर ते धर्मांतरच धरत नाहीत. एकाच दिशेची वाट उघडी, दुसरीवर पोलीस. हिमाचलमध्ये आधी नोटीस देण्याची अट होती, ती तिथल्या उच्च न्यायालयाने २०१२ मध्येच उडवली. माणसाला आपली श्रद्धा स्वतःपुरती ठेवायचाही हक्क आहे, असं त्या निकालात आहे. नास्तिक मित्रांनो, मनातला देव बदलायला कलेक्टरची परवानगी लागणार असेल, तर देव सोडायला लागणार नाही असं कशावरून?

'मग आमिष दाखवून धर्मांतर होत नाही का?' होत असेल. फसवणुकीला, धमकीला, विवाहितेच्या छळाला, आत्महत्येस प्रवृत्त करण्याला आज कलमं आहेत. ती वापरा. पण आमिष म्हणजे काय ते तरी एकदा ठरवा. शाळा, दवाखाना, तांदळाची पिशवी हे आमिष असेल, तर मतदानाच्या आदल्या रात्री वाटलेली साडी काय होती राव?

आणि लाभाची गोष्ट करता, तर हेही ऐका. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना होत्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्या दलिताला आजही नाहीत. म्हणजे धर्म बदलला की सवलत जाते, पण गावातली जात जात नाही. असला तोट्याचा सौदा माणूस तांदळाच्या पिशवीसाठी करतो, असं तुम्हाला खरंच वाटतं?

हे गाव शाहू महाराजांचं. त्यांच्या काळात इथे मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशी वसतिगृहं उभी राहिली, त्यात ख्रिस्ती विद्यार्थ्यांचंही होतं. शाहूपुरीपासून हाकेच्या अंतरावर वाईल्डर मेमोरियल चर्च आहे. बिंदू चौकात अण्णांच्या पक्षाचं कार्यालय आहे. दोन्ही जागा पायी फिरून याव्यात इतक्या जवळ. आजवर एकाने दुसऱ्याचं काही बिघडवलेलं नाही.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. एक, मारहाणीला बक्षीस लावणारा कुणीही असो, आमदार असो की नामदार, त्याच्यावर गुन्हा दाखल करून तो शेवटाला न्या. दोन, चर्चच्या जबाबदार मंडळींनी जाहीर सांगावं की औषध बंद करायला लावणारा आमचा नाही आणि आमच्यावर टीका केली म्हणून कुणावर केस करणार नाही. तीन, विवेकवाद्यांनी जादूटोणा कायद्याखाली पाळकावर तक्रार झाली की आधी बघावं, फसवणूक आहे की नुसती प्रार्थना. प्रार्थना असेल तर त्या पाळकाच्या बाजूने पोलीस ठाण्यात जाऊन उभं राहावं.

देव आहे की नाही, हा वाद चालू राहू द्या. चांगला वाद आहे, आगरकरांपासून चालत आलाय. पण तो वाद घालायला दोघेही जिवंत पाहिजेत.