हात पोचेल तिथवर

२१ सप्टेंबर २०१८. दक्षिण हिंदी महासागरात भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी आपल्या होडीत जखमी होऊन पडले होते. ‘गोल्डन ग्लोब’ ही एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत १ जुलैला फ्रान्सच्या किनाऱ्यावरून सुरू झाली होती आणि टॉमी तिसऱ्या क्रमांकावर होते. मग वादळ आलं. वारा ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर, लाटा चौदा मीटरपर्यंत. त्यांची ‘थुरिया’ उलथली, डोलकाठी मोडली आणि उंचावरून आपटल्यामुळे टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. त्यांना उठताच येईना. पर्थ तिथून साधारण साडेतीन हजार किलोमीटर दूर होतं.

थुरियाचं नातं आपल्या किनाऱ्याशी आहे. ती गोव्यात बांधलेली. जिच्या नमुन्यावर ती बांधली, ती दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ साठच्या दशकात मुंबईत तयार झाली होती. २०१२-१३ साली टॉमींनी एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली, तीही मुंबईहून निघून मुंबईलाच परतून. असं करणारे ते पहिले भारतीय. म्हणून त्यांच्याबद्दल बोलताना आपण धाडसाबद्दल भरभरून बोलतो. मला मात्र आज त्यांच्या आयुष्यातल्या त्या तीन दिवसांबद्दल लिहायचं आहे, जेव्हा त्यांना हलताही येत नव्हतं.

त्या स्थितीत त्यांनी दोन कामं केली. उपग्रहामार्फत संकटाचा संकेत पाठवणारं यंत्र सुरू केलं आणि मजकूर पाठवण्याच्या छोट्या यंत्रावरून निरोप धाडला. निरोपात हळहळ नव्हती, वर्णन नव्हतं. होडी उलटली, डोलकाठी गेली, पाठीला गंभीर इजा, उठता येत नाही, इतकंच. नंतरच्या निरोपात पायाची बोटं हलतात, बधिरपणा आहे, खातापिता येत नाही, आणीबाणीच्या पिशवीपर्यंत पोचणं कठीण, असं होतं.

हे शब्द पुन्हा वाचून पाहा. बोटं हलतात, यातून किनाऱ्यावरच्या डॉक्टरांना कळलं की मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नाही. उठता येत नाही, म्हणजे आलेल्या जहाजाचा दोर पकडून हा माणूस चढणार नाही, स्ट्रेचर घेऊन त्याच्याकडेच जावं लागेल. खातापिता येत नाही, म्हणजे वेळ फार थोडा आहे. आणि पिशवीपर्यंत पोचता येत नाही, म्हणजे तिच्यातला उपग्रह-फोन असून नसल्यासारखा. सुटकेची आखणी करण्यासाठी लागणारं बहुतेक सगळं या मोजक्या शब्दांत होतं.

ती पिशवी मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. ती होडीतच होती, पण कणा मोडलेल्या माणसासाठी तेवढं अंतरही ओलांडण्यापलीकडचं होतं. २००८ सालच्या डिसेंबरमध्ये, अशाच एका शर्यतीत, फ्रेंच दर्यावर्दी यान एलिएस याच्या बाबतीतही हेच घडलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला, किनाऱ्यापासून खूप दूर, लाटेच्या तडाख्याने त्याच्या मांडीचं हाड मोडलं. तो सरपटत होडीच्या पोटात आला, पण औषधांच्या पेटीपर्यंत जाणं त्याला जमेना. मार्क गिलेमो या स्पर्धकाने आपली शर्यत बाजूला ठेवली, होडी त्याच्याजवळ आणली आणि रेडिओवरून त्याच्याशी बोलत राहिला. दोन दिवसांनी ऑस्ट्रेलियन नौदलाच्या जहाजाने एलिएसला उचललं. मांडीचं हाड मोडलं की आतल्या आत लिटरभर, कधी त्याहूनही जास्त रक्त साचू शकतं. अशा वेळी वेदनाशामक गोळी आणि पाण्याची बाटली कुठे ठेवली आहे, यावर पुढचे दोन दिवस कसे जातील ते ठरतं.

शहरात अपघात झाला की पहिला तास महत्त्वाचा, असं डॉक्टर सांगतात. भर समुद्रात हिशेब दिवसांचा असतो. या दिवसांत जखमी माणसाचा जीव त्याच्या हाताच्या पोचेत काय आहे, तो आपली स्थिती किती नेमकी सांगू शकतो आणि त्याच्यासाठी कोण वाट वाकडी करतं, या तीन गोष्टींवर तगून राहतो. पहिल्या दोन गोष्टी निघण्याआधी बंदरातच ठरलेल्या असतात.

तिसरी गोष्ट माणसांवर अवलंबून असते आणि टॉमींच्या बाबतीत ती फार मोठ्या मनाने घडली. त्या समुद्रात शोध आणि सुटकेची जबाबदारी ऑस्ट्रेलियाची, म्हणून सूत्रं कॅनबेरातून हलली. आपल्या नौदलाचं विमान मॉरिशसहून उडालं आणि मोडक्या डोलकाठीसह हेलकावणारी थुरिया त्याने शोधली. ग्रेगर मॅकगकिन या आयरिश स्पर्धकाची डोलकाठीही त्याच वादळात मोडली होती. तरी तात्पुरती काठी उभारून तो टॉमींच्या दिशेने निघाला. अखेर मासेमारीवर गस्त घालणारं ‘ओसिरिस’ हे फ्रेंच जहाज २४ सप्टेंबरला पोचलं. छोट्या रबरी होडीतून माणसं थुरियावर चढली, टॉमींना स्ट्रेचरवर बांधून त्यांनी बाहेर काढलं आणि ॲमस्टरडॅम बेटावरच्या छोट्या दवाखान्यात नेलं. तिथून ‘आयएनएस सातपुडा’ त्यांना मायदेशी घेऊन आली. पुढे शस्त्रक्रियेत त्यांच्या मणक्यांना टायटॅनियमचा आधार द्यावा लागला आणि चालणं नव्याने शिकावं लागलं.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. माझं लहानपण दापोली तालुक्यात गेलं. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव चालायचा तेव्हा बोली लावणाऱ्या आणि टोपल्या उचलणाऱ्या हातांकडे माझं लक्ष जायचं. कुणाचं अर्धं बोट नसायचं, कुणाचा अंगठा वाकडा जुळलेला असायचा. विंचवर दोर गुंडाळला जात असताना त्यात हात सापडतो, ताणलेला दोर तुटून चाबकासारखा बसतो, ओल्या फळीवरून पाय सरकतो. पाकट किंवा शिंगाळ्याचा काटा हातात घुसतो. या गोष्टी तिथे इतक्या नेहमीच्या होत्या की त्यांबद्दल कुणी वेगळं बोलायचं नाही. आज ट्रॉलर पूर्वीपेक्षा खूप दूर जातात, बाहेर कित्येक दिवस राहतात. एलिएसची मांडी मोडली तशी खलाशाचीही मोडते, फक्त त्याची बातमी होत नाही.

त्या खलाशाच्या हाताच्या पोचेत काय असतं? काही होड्यांवर प्रथमोपचार पेटी असते, पण ती केबिनमध्ये सामानाखाली गेलेली. तिच्यात काय आहे हे फक्त तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाला, ठाऊक असतं. तांडेलच जखमी झाला तर? रत्नागिरीच्या ट्रॉलरांवर नेपाळहून आलेले कितीतरी तरुण काम करतात. रेडिओवर आपली जागा कशी सांगायची, जखमीबद्दल काय सांगायचं, हे त्यांना त्यांच्या भाषेत कुणी शिकवलं आहे का?

शिकवण्यासारखं थोडंच आहे, पण ते जीव वाचवणारं आहे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरायची आणि सारखं उघडून बघायचं नाही. पाठीला किंवा मानेला मार असेल तर लाटेचा किंवा आगीचा धोका असल्याशिवाय माणसाला उचलायचं नाही. मोडलेला पाय धड पायाला बांधून हालचाल थांबवायची. पाकटाचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग धरायचा, कारण त्या विषाचा जोर उष्णतेने कमी होतो. जखमीला कोरडं आणि ऊबदार ठेवायचं, कारण ओलं अंग आणि वारा मिळून शरीराची ऊब झपाट्याने ओढून नेतात. मोबाइलची रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लावायचा, नसेल तर व्हीएचएफचं सोळावं चॅनल. सांगायचं ते याच क्रमाने: होडीचं नाव, अक्षांश-रेखांश, काय झालं, माणूस शुद्धीवर आहे का, श्वास कसा आहे, रक्त थांबलं का.

रेडिओवरून डॉक्टरी सल्ला ही काही नवी गोष्ट नाही. रोममधलं एक केंद्र १९३५ सालापासून जगभरच्या जहाजांना असा सल्ला विनामूल्य देत आलं आहे. आपल्याकडे इस्रोने मच्छीमारांसाठी संकटाचा संकेत पाठवणारं यंत्र बनवलं आणि त्याच्या नव्या पिढीत एक मोलाची सोय आली. बटण दाबल्यावर निरोप मिळाल्याची उलट खूण होडीवर येते. आपला आवाज कुणीतरी ऐकला आहे, हे कळणं जखमी माणसासाठी आणि त्याच्याजवळ बसलेल्यांसाठी फार मोठं बळ असतं.

म्हणून एक मागणी करायची आहे. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी शिवली जातात, इंजिनं दुरुस्त होतात. त्या काळात प्रत्येक बंदरावर, प्रत्येक होडीच्या किमान दोन माणसांना एक दिवसाचं प्रशिक्षण मिळालं पाहिजे, मराठीत आणि खलाशांच्या भाषेतही. मच्छीमार सहकारी सोसायट्या डिझेल परताव्यासाठी होडीची कागदपत्रं बघतातच, तेव्हाच प्रथमोपचार पेटी कुठे बसवली आहे हेही बघावं. ती फळीवर पडलेल्या माणसाचा हात जाईल इतक्या खाली असावी. एक पेटी पुढे, एक मागे. नाखव्यांनी हा खर्च जाळ्याच्या खर्चाइतकाच गरजेचा मानावा.

टॉमी २०२२ साली पुन्हा त्याच शर्यतीत उतरले. १८ नोव्हेंबरला टापिओ लेहतिनेन या फिनलंडच्या स्पर्धकाची होडी बुडाली आणि तो जीवरक्षक तराफ्यावर आला. निरोप मिळताच टॉमींनी आपली होडी त्याच्याकडे वळवली. कर्स्टन नॉयशेफर ही दक्षिण आफ्रिकेची स्पर्धक अधिक जवळ होती, तिने त्याला आधी गाठून वाचवलं. पुढे तिने शर्यत जिंकली आणि २९ एप्रिल २०२३ रोजी टॉमी दुसरे आले. जोडलेल्या कण्याचा हा माणूस दुसऱ्यासाठी वाट वाकडी करायला तयार होता, कारण चार वर्षांपूर्वी त्याच्यासाठी कुणीतरी ती केली होती. आपल्या किनाऱ्यावरचे तांडेलही दुसऱ्या होडीचा आवाज आला की जाळं सोडून धावतात. धावून जाणाऱ्या त्या माणसाला पोचल्यावर काय करायचं हेही ठाऊक असावं, एवढं तरी आपण त्याच्यासाठी करायला हवं. येत्या जूनपासून सुरुवात करता येईल.